इन्स्पेक्शनला पास होईल असं मिग

विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडून, रंगवून झालं की पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळा रंग सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा, ही आमच्या छंदातली जवळजवळ सक्तीची पायरी झाली आहे. याला वॉश म्हणतात. फोटो झकास येतो, प्रत्येक रेघ उठून दिसते आणि लोक "काय डिटेलिंग आहे!" म्हणतात. माझ्या मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलला मी तो सगळीकडे देणार नाही. त्याचं कारण आमच्या घरातच राहतं आणि दुपारी चारला चहा मागतं.

बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीतून, निवृत्त झाले. नोकरीला लागले तेव्हा रिव्हेटिंगला, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी पत्रे जोडायला होते, शेवटी इन्स्पेक्शनला. नाशिकचा हा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभारला गेला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. मिग-२१ चे प्रकार एकामागून एक निघाले, आधी एफएल, १९७३ पासून एम, त्यानंतर बिस. बाबांचं पहिलं विमान एम. त्यामुळे २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा टीव्हीवर शेवटची उड्डाणं करणारी बायसन बघून ते म्हणाले, "ही आमची बिसच, आतून नवीन केलेली. पण एम दाखवा की कुणीतरी."

मग एम करायचं ठरलं, आणि तेही मोठं. ट्रंपीटर कंपनीचं १/३२ चं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं, मिग-२१ एमएफचं किट मिळालं. एम आणि एमएफ यांच्यातला मुख्य फरक इंजिनाचा, एमएफला आर-१३ आणि आपल्या एमला आर-११. तो फरक बाहेरून दिसायचा नाही. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सव्वासात मीटरपेक्षा थोडा कमीच, म्हणजे मॉडेलचा सव्वाबावीस सेंटीमीटरच्या आसपास. लांबी मात्र नाकापुढच्या पिटो नळीसकट (हवेचा वेग मोजायची नळी) हातभर भरते. एवढं लांब आणि एवढं अरुंद, म्हणून ठेवायला कपाट शोधावं लागतं.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही. मिगची चाकं पुढे आणि जडपणा मागे, त्यामुळे नाकात वजन नसेल तर ते शेपटीवर बसतं. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिसं मी नाकाच्या शंकूत भरलं. खऱ्या विमानात तिथे रडार असतं. पिटो नळी किटमधली न घेता इंजेक्शनच्या दोन जाडीच्या सुया एकात एक घालून केली. एफएलवर ही नळी नाकाच्या बरोबर मध्यावर, एमवर ती थोडी उजवीकडे सरकलेली असते. हे सरकणं चुकवलं तर जाणकार माणूस लांबूनच हसतो.

कॉकपिटमध्ये मात्र मी रेंगाळले. रशियन हिरवट-निळा रंग बाटलीतून थेट लावता येत नाही, निदान मला तरी पटला नाही. खूप मिसळण्या केल्यावर शाळेच्या जुन्या ऑइलपेंट भिंतीच्या जवळ जाणारा रंग मिळाला. समोरच्या पॅनलवर मधोमध एक उभी पांढरी पट्टी असते. विमान गिरक्या घेत खाली निघालं, म्हणजे स्पिनमध्ये गेलं, की वैमानिकाने दांडा त्या पट्टीकडे सरळ पुढे रेटायचा, म्हणजे एलेरॉन, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मध्यावर येतात. घाबरलेल्या माणसाला मध्य कुठे आहे हे सांगायला रंगाची एक रेघ, ही मला त्या अख्ख्या कॉकपिटमधली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपचे, बकल फ्यूजच्या तारेची. चाकांच्या खोबणीत जुन्या टेलिफोन वायरमधल्या तांब्याच्या तारा. मिगचा पंख इतका पातळ की चाक त्यात मावत नाही. मग पाय पंखात आडवा होतो आणि चाक वळून पोटात उभं राहतं. पंखाच्या मुळाशी, अंगावर जे फुगवटे दिसतात ते त्या चाकांसाठीच. खोबण्यांमधली तारांची गिचमिड मी केली, पण विमान सरळ ठेवल्यावर ती कुणालाच दिसत नाही. तरी केली.

आता सांध्यांकडे येते. रंगाआधी बाबांना अंग दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, खणातून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, काढला आणि ०.२ मिलिमीटरची पात पत्र्याच्या रेघेत घातली. अलगद बसली.

"स्केल काय म्हणालीस?"

"बत्तीस."

"शून्य पॉइंट दोन गुणिले बत्तीस?"

सहा पॉइंट चार मिलिमीटर. पेन्सिल जवळजवळ आत जाईल एवढी.

"एवढी फट ठेवून मी विमान पुढे पाठवलं असतं तर साहेबांनी मला पाठवलं असतं. घरी."

प्लॅस्टिकच्या साच्याला त्याच्या मर्यादा असतात, हे मी सांगून पाहिलं. ते त्यांना मान्य होतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की जी फट मुळात नको तेवढी मोठी आहे, ती काळ्या रंगाने आणखी का दाखवायची? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मला वाटतं कुणाकडेच नाही. आपण विमान बघून वॉश देत नाही, दुसऱ्यांची मॉडेलं बघून देतो.

मग त्यांनी बोटाने अंग दोन प्रकारांत वाटून दिलं. जे सांधे कायमचे, रिव्हेट मारून बंद झालेले, ते जेमतेम दिसले पाहिजेत. एक जण बाहेरून गन धरायचा, दुसरा आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, लावून बसायचा, आणि रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसलं नाही तर रिव्हेट ड्रिलने काढून परत मारायचा. या कामातला निम्मा जन्म रिव्हेट दिसू नये म्हणून गेला, आता तू ते काळे करून दाखव, असं ते म्हणाले. दुसरा प्रकार उघडणाऱ्या-हलणाऱ्या भागांचा. फ्लॅप, एलेरॉन, रडर, पोटाखालचे एअरब्रेक, देखभालीची झाकणं. तिथे खरी फट असते, तिथे सावली द्या. आणि पंखाच्या मागे अंगाला वेढा घालणारा एक सांधा, तो ठळकच हवा. इंजिन काढायचं तर मिगची अख्खी शेपटी तिथून सुटी होते. किटमध्ये ही रेघ बाकीच्या रेघांसारखीच कोरलेली आहे.

म्हणून कायमच्या सांध्यांवर सरफेसरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, पातळ हात मारले आणि दोन हातांच्या मधे दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवला. रेघ बुजत नाही, उथळ होते. पात पुन्हा लावून पाहिली तर आता ती बसायला कुरकुरते. रिव्हेटही असेच अर्धे झाले, तिरप्या उजेडात दिसतात, समोरून नाही. शेपटीचा सांधा मात्र सुईने थोडा खोल केला.

चंदेरी रंगाचं काम वेगळंच. खाली चकचकीत काळा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग धातूचा लॅकर एअरब्रशने धुक्यासारखा पातळ. काळ्यावर धूळ बसली तर ती चांदीत दुप्पट दिसते, म्हणून बाथरूममध्ये गरम पाणी सोडून, धूळ खाली बसली की तिथेच रंगवते. घरचे बोलतात. परदेशातून रंग मागवणं अवघड, ज्वालाग्राही म्हणून विमानाने येत नाहीत. गाड्यांच्या रंगांच्या दुकानातलं एनसी थिनर मी फक्त एअरब्रश धुवायला वापरते, प्लॅस्टिकजवळ नाही.

एकच चांदी सगळीकडे मारली की विमान खेळणं दिसतं. शेजारच्या दोन पत्र्यांची चमक एक नसते, त्यामुळे टेप लावून काही चौकोन थोडे गडद, काही थोडे दुधट केले. फरक इतकाच की विमान फिरवलं तर कळावा. शेपटीच्या टोकाला, इंजिनाच्या नळकांड्याजवळ, जिथे आफ्टरबर्नरची (जादा जोरासाठी मागे जळणाऱ्या इंधनाची) आच पोचते, तिथे पोलादी छटा आणि अगदी थोडी निळसर-तपकिरी झाक. इथेही मी हात आखडला, कारण आमचं विमान नुकतंच कारखान्यातून चाचणीला निघालेलं आहे. दहा वर्षं राजस्थानात तापलेलं नाही. वरून क्लिअर कोट नाही, त्याने धातूची झळाळी मरते. लॅकर गुळगुळीत आहे, डेकल (खुणांची चिकटचित्रं) त्यावरच बसली. भारतीय वायुसेनेचं वर्तुळ, बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. शेपटीवर सी ने सुरू होणारा क्रमांक. स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, चिन्ह नाही, कारण अजून ते कुठल्याच स्क्वाड्रनचं झालेलं नाही.

शस्त्रांवरून थोडी चर्चा झाली. पंखांखाली रॉकेट पॉड लावायचा मोह मला होता. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ नी रॉकेटं डागली, ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण ती एफएल होती. ओझरचं एम तोवर निघालंही नव्हतं. आणि चाचणीच्या उड्डाणाला रॉकेटं कोण लावतं? पोटाखाली ४९० लिटरची टाकी लावली, पंखांखालचे खांब रिकामे. किटमधली बाकीची सगळी शस्त्रं भाच्याने आधीच मागून ठेवली आहेत. त्याच्याकडे १/७२ चं सुखोई आहे. बत्तीसचं क्षेपणास्त्र त्यावर केवढं दिसेल हे त्याला समजावून झालं, तरी त्याला ती हवीच आहेत.