अंधारलेल्या चित्रपटांची तक्रार

चित्रपटगृहांतील प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा तपासून त्या प्रमाणित पातळीवर आणून देणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात प्रेक्षकांशी गाठ क्वचितच पडते. संबंध येतो तो व्यवस्थापकांशी आणि यंत्रांशी, तोही पहिला खेळ सुरू होण्यापूर्वी, रिकाम्या सभागृहात. त्यामुळे वर्षाच्या अखेरीस एका चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांनी एका प्रेक्षक बाईंचे हस्तलिखित पत्र माझ्यापुढे ठेवले आणि ‘यात तुमच्या कामाचे काही आहे का, पाहा’ असे सांगितले, तेव्हा मी ते जरा बाजूला बसून नीट वाचले.

बाई साहित्याच्या निवृत्त प्राध्यापिका. महत्त्वाचा म्हणावा असा बहुतेक प्रत्येक चित्रपट त्या याच सभागृहात पाहत आल्या होत्या, आणि सरत्या वर्षाने त्यांची घोर निराशा केली होती. रात्रीच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येत नाहीत. दिवसाची दृश्येसुद्धा मातकट दिसतात. नट शब्द गिळतात. रुंद पडद्याच्या चित्रपटांत कडेचा माणूस अर्धाच दिसतो. ट्रेलर कानठळ्या बसवतात आणि वर सगळी गोष्ट सांगून टाकतात. दोन चित्रपट तर ऐन मध्यावर थांबले आणि उरलेली कथा पुढच्या भागासाठी राखून ठेवली. ‘चित्रपट करणाऱ्यांना आता उजेडाची आणि भाषेची लाज वाटू लागली आहे,’ असे शेवटचे वाक्य होते. प्रत्येक तक्रारीपुढे चित्रपटाचे नाव लिहिलेले होते.

त्या नावांनीच मला थांबवले. दिग्दर्शक वेगळे, छायालेखक वेगळे, भाषा आणि देशही वेगळे. त्यांतले काही छायालेखक तर लख्ख उन्हातल्या चित्रीकरणासाठी ओळखले जाणारे. इतक्या वेगवेगळ्या हातांच्या कामात एकच दोष दिसू लागतो, तेव्हा तो दोष त्या हातांचा असण्याची शक्यता कमी असते.

डिजिटल प्रक्षेपणात पूर्ण पांढऱ्या चौकटीच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस मीटरला ४८ कँडेला, इतकी उजळता असावी असे मानक आहे. छायालेखक आणि रंगसंस्करण करणारे तंत्रज्ञ हीच पातळी गृहीत धरून प्रत्येक प्रसंगाचा अंधार ठरवतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. मी मधल्या रांगेतल्या खुर्चीत बसून मापक पडद्याकडे रोखला. आकडा चार फूट-लॅम्बर्टच्याही खाली होता.

मागे वळून पाहिल्यावर पहिले कारण लगेच सापडले. प्रक्षेपण कक्षाच्या काचेतून प्रकाशाचा एक झोत यायला हवा होता, तिथे एकावर एक असे दोन झोत येत होते. त्रिमिती (थ्रीडी) चित्रपटासाठी लेन्ससमोर ध्रुवीकरण करणारे एक उपकरण सरकवले जाते. ते प्रकाशाचे दोन भाग करते आणि त्या व्यवहारात निम्म्याहून अधिक प्रकाश गमावते. त्रिमितीसाठी ती किंमत अटळ असते. परंतु त्रिमिती चित्रपट काही महिन्यांपूर्वी उतरला होता आणि उपकरण तिथेच राहिले होते. त्यानंतर लागलेला प्रत्येक साधा चित्रपट त्या गाळणीतून पडद्यावर पोहोचला होता. हा प्रकार नवा नाही. २०११ साली अमेरिकेत ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने त्याच शहरातल्या चित्रपटगृहांत त्रिमितीच्या लेन्स साध्या चित्रपटांसाठीही जागीच ठेवल्या जात असल्याचे उघड केले होते, आणि प्रेक्षकाने मागे वळून दोन झोत दिसतात का ते पाहावे, ही खूणही तेव्हाच चर्चेत आली होती. इतक्या वर्षांनी तेच पाहावे लागले याचा मला मनापासून संताप आला.

उपकरण बाजूला सरकवल्यावर आकडा दुपटीहून अधिक वाढला, तरी १४ बराच दूर होता. प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा दिवा आपले आयुष्य कधीच ओलांडून गेला होता. असा दिवा एकदम विझत नाही. त्याच्या काचेच्या आतल्या बाजूला काळपट थर चढत जातो आणि प्रकाश इतक्या हळूहळू उतरतो की रोज पाहणाऱ्याला तो उतरलेला कळतच नाही. तो बदलताना तोंडावर संरक्षक ढाल आणि हातांत जाड मोजे घालावे लागतात, कारण आतला वायू थंड असतानाही दाबाखाली असतो आणि दिवा फुटला तर काचेचे तुकडे जोरात उडतात. नवा दिवा बसवून तो आरशाच्या केंद्रावर आणला, कक्षाची काच दोन्ही बाजूंनी पुसली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसलो. आकडा १४ वर आला. कडेचा अर्धा माणूस परत मिळवणे त्या मानाने सोपे होते: २.३९ गुणोत्तराच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या, चित्रपटांसाठी साठवलेली लेन्सची स्थिती सरकली होती आणि प्रतिमेच्या कडा बाजूच्या काळ्या कापडावर सांडत होत्या.

आवाजाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे निघाले. संवाद बहुतांशी मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात. प्रत्येक वाहिनीतून आळीपाळीने चाचणीचा आवाज सोडला, तेव्हा डावी आणि उजवी वाहिनी ठीक होती. मधल्या वाहिनीत वरच्या पट्टीचा भाग जवळपास नव्हताच, कारण तो देणारा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरमधला आवाज निर्माण करणारा भाग, जळून गेला होता. बोलण्यातले स्वर खालच्या आणि मधल्या पट्टीत असतात, तर ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या पट्टीतल्या फुत्कारांवरून. ती पट्टी गेली की माणूस बोलतो आहे हे ऐकू येते, काय बोलतो आहे ते कळत नाही. बाईंनी नटांवर ठेवलेला शब्द गिळण्याचा ठपका नेमका इथे तयार होत होता. (काही दिग्दर्शक संवाद जाणीवपूर्वक पार्श्वसंगीताखाली ठेवतात, हेही खरे आहे, पण बाईंच्या यादीतल्या साऱ्यांनी तसे केले असेल, हे मला पटण्यासारखे नव्हते.)

भरीस भर म्हणून ध्वनियंत्रणेच्या मापपट्टीवर मुख्य आवाजाची पातळी प्रमाणित ७ ऐवजी साडेचारवर होती. याचे कारण व्यवस्थापकांनी मोकळेपणाने सांगितले: जाहिराती आणि ट्रेलर फार मोठ्याने वाजतात अशी तक्रार आली की कोणीतरी पातळी खाली आणतो आणि चित्रपट सुरू झाल्यावर ती पुन्हा वर नेत नाही. पूर्वी रिळे बदलण्यासाठी कक्षात माणूस बसलेला असे आणि तो खिडकीतून पडदाही पाहत असे. आता खेळांची यादी सर्व्हरवर लावून दिली की दिवसभर कक्षात कोणी जात नाही. यंत्र बंद पडले तर संदेश येतो. चित्र नुसते अंधारले, तर तसा संदेश पाठवणारे कोणीच नसते.

मी व्यवस्थापकांना विनंती केली की बाईंना बोलावून घ्यावे. पत्राला लेखी उत्तर देता आले असते, परंतु ज्या व्यक्तीने इतक्या काळजीने तक्रार लिहिली, तिला तिचे कारण डोळ्यांनी पाहता यावे असे मला वाटत होते. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या. सध्या चालू असलेल्या एका चित्रपटातला, त्यांनी आठवड्यापूर्वीच पाहिलेला रात्रीचा प्रसंग मी आधी ते उपकरण लेन्ससमोर सरकवून दाखवला आणि मग काढून. दुसऱ्या वेळी खोलीच्या कोपऱ्यात उभी असलेली मुलगी दिसली. पहिल्या वेळी तिथे नुसता काळोख होता, आणि ती मुलगी सारे ऐकते आहे यावर पुढची अर्धी कथा उभी होती.

बाई आनंदित होतील अशी माझी कल्पना होती. त्या संतापल्या. ‘म्हणजे मी एवढे महिने चित्रपट पाहिलेच नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘मी लोकांना सांगत फिरले की या दिग्दर्शकाला गोष्ट सांगता येत नाही. त्याची माफी आता मी कशी मागू?’ व्यवस्थापकांनी तिकिटांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. ती बाईंनी नाकारली आणि यादीतला एक विशिष्ट चित्रपट पुन्हा दाखवा अशी मागणी केली.

इथे मला त्यांना एक अप्रिय गोष्ट सांगावी लागली. चित्रपटाची फाइल सर्व्हरवर अजून होती, परंतु ती कूटबद्ध असते आणि वितरकाने पाठवलेल्या डिजिटल किल्लीशिवाय उघडत नाही. ती किल्ली ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. त्या चित्रपटाची मुदत संपली होती. चित्रपट आमच्या हाताशी होता आणि तरीही आम्ही तो त्यांना दाखवू शकत नव्हतो.

नंतर आम्ही तिघांनी ते पत्र पुन्हा वाचले. कथा उघड करणारे ट्रेलर आणि अर्ध्यावर तोडलेले चित्रपट यांबाबत माझ्या हातात काहीच नव्हते, आणि त्या दोन्ही तक्रारी मला पूर्णपणे रास्त वाटतात. एक चित्रपट, बाईंच्या मते, कितीही उजेडात वाईटच ठरला असता. त्यांनी त्याच्यावरचा शेरा कायम ठेवला. व्यवस्थापकांनी त्रिमिती चित्रपट उतरताच उपकरण काढल्याची नोंद करायची आणि रोज पहिल्या खेळाची सुरुवातीची काही मिनिटे कोणीतरी सभागृहात बसून पाहायची, असे मान्य केले. मधल्या स्पीकरचा ड्रायव्हर आठवड्याभरात बदलला. जाहिरातींच्या आवाजाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, कारण पातळी ७ वर ठेवताच तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. जाहिरातींची पातळी वेगळी उतरवून चित्रपटाच्या आरंभी ती आपोआप ७ वर जाईल अशी आज्ञा सर्व्हरच्या यादीत घालणे हा त्यावरचा उपाय आहे. तो मी लिहून दिला आहे, पण प्रत्येक नव्या यादीत ती आज्ञा कोणी आठवणीने घातली तरच तो टिकेल.

बाईंनी मागितलेल्या चित्रपटाच्या एका खेळापुरती नवी किल्ली मिळावी म्हणून व्यवस्थापकांनी वितरकाला लिहिले आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.