सिरम निगेटिव्ह होतं

आमच्या तुर्भ्याच्या लॅबमध्ये पेशंट येत नाहीत, ट्यूबा येतात, त्यामुळे मंगळवारी एक बाई रिपोर्ट न्यायला थेट दिव्याहून आल्या तेव्हा मला काय बोलावं सुचेना. मुलगी १९ वर्षांची, तीन आठवडे झोप नाही, आधी नुसती बडबड, मग बोलणंच बंद, अंगारे-धुपारे झाले, मानसोपचार झाले. एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे मेंदूच्या पेशींवर निरोप घेणारे रेणू, त्यांच्यावर शरीरानेच उलटवलेली अँटीबॉडी शोधायची टेस्ट निगेटिव्ह, रिपोर्ट मीच केलेला. "ताई, सारखं तोंड असं करते हो," म्हणत त्यांनी स्वतः करून दाखवलं, तोंडात काही नसताना चावतात तसं, मधेच जीभ बाहेर. माझ्या पोटात धस्स झालं, या अँटीबॉडीच्या आजारात तोंड असंच हलतं.

फॉर्मवर नमुना म्हणून नुसतं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, लिहिलेलं होतं. २००७ साली न्यूरोलॉजिस्ट डालमाऊंच्या टीमने ओळखलेला हा मेंदूच्या सुजेचा आजार, यात साधारण सातातल्या एकाचं रक्त निगेटिव्ह येतं आणि अँटीबॉडी सापडते पाठीतल्या पाण्यात. डॉक्टरांना हे माहीत असतं, तरी रक्तावर भागवतात, याचा खरंच संताप येतो. वॉर्डात फोन लावला तर म्हणे नातेवाईक नको म्हणतात, पाठीतलं पाणी काढलं की पोरगी अधू होते. आई समोरच बसलेली. दहा मिनिटं समजावलं, त्या म्हणाल्या, काढा.

दुसऱ्या दिवशी सीएसएफ, म्हणजे ते पाठीतलं पाणी, आलं. काही पेशींवर रिसेप्टर बसवलेल्या स्लाइडवर अर्धा तास, धुणं, अँटीबॉडीला चिकटणाऱ्या हिरव्या डायचा अर्धा तास, परत धुणं, आणि धुण्यात मी कधीच घाई करत नाही कारण मागे झाक राहिली की हलका पॉझिटिव्ह त्यात बुडतो. अंधारात मायक्रोस्कोपला डोळा लावला. सरसकट सगळं चमकलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण ज्या पेशींवर रिसेप्टर होते त्याच लख्ख हिरव्या, त्यांना चिकटून असलेल्या, रिसेप्टर नसलेल्या काळ्याच. पॉझिटिव्ह.

ही अँटीबॉडी दोन-दोन रिसेप्टर एकत्र बांधते, पेशी ते आत ओढून घेते, निरोप पोचत नाही. पण पेशी मरत नाही, अँटीबॉडी उतरली की रिसेप्टर परत वर येतात, हे त्या माऊलीला फोनवर दोनदा सांगितलं. स्टिरॉइड सुरू झालेत, या आजारामागे कधी कधी अंडाशयातली गाठ असते, ती आहे का तेही बघतायत.

मी मात्र परवापासून जुनं रजिस्टर काढून बसलेय, फक्त सिरमवर निगेटिव्ह गेलेल्या मुली शोधत. दोघींच्या डॉक्टरांना फोन झाले, एकाने अजून उचलला नाही.