आमची वाटचाल : मागच्या रांगेतली खोकी

आयात कपड्यांच्या तपासणीचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे हत्यारं सहाच होती: मापाची टेप, स्टीलची पट्टी, भिंग, ग्रे स्केल (रंगातला फरक ठरवायची करड्या छटांची पट्टी), जीएसएम कटर आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. पुढे यंत्रं पुष्कळ आली, पण या सहांपैकी एकही अडगळीत गेलेलं नाही. स्टीलची पट्टी कपडा मोजायला नसते, टेप तपासायला असते. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि छातीचं माप सगळ्या लॉटमध्ये सारखंच कमी भरायला लागतं. मग कारखाना आणि तपासनीस दोन तास भांडतात. दोष टेपचा निघतो.

जीएसएम कटरबद्दलही सांगून ठेवतो. तो १०० चौरस सेंटीमीटरची चकती कापतो. तिचं ग्रॅममधलं वजन शंभराने गुणलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं ग्रॅममधलं वजन, मिळतं. १.८० ग्रॅम म्हणजे १८०. पण सुती कापड हवेतलं पाणी ओढतं. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता या प्रमाण हवेत सुताच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी असतं. दमट गोदामात ते वाढतं आणि हलकं कापड भारी भरतं. त्यामुळे काट्याशेजारी आर्द्रतामापक नसेल तर तो आकडा अहवालात लिहू नये.

आमच्या पहिल्या भागीदार बाई शिलाईच्या मजल्यावरून आलेल्या. कपडा हातात आला की त्या आधी उलटा करत. सुटलेला टाका, ओव्हरलॉकच्या (कड कापत शिवणाऱ्या मशीनच्या) सुरीने खाल्लेली कड, शिलाईत कमी सापडलेलं कापड हे सगळं आतल्या बाजूला दिसतं. उजवी बाजू इस्त्रीने सजवलेली असते. शर्टाचं बटण त्या समोरून ओढून पाहत नसत, मागचं दोऱ्याचं टोक ओढत. एकदोरी साखळी टाक्याने लावलेलं बटण असं ओढलं की सरसर उसवून हातात येतं. यंत्रावर बटणाला ९० न्यूटनचा ताण १० सेकंद देतात, पण टोक ओढायची परीक्षा त्याआधीची. तिला खर्च नाही.

आता त्या मालाबद्दल, ज्याने आमचा व्यवसाय जवळजवळ बंद पाडला.

९,६०० टी-शर्ट, एका खोक्यात २४, म्हणजे ४०० खोकी. आयएसओ २८५९-१ हे नमुना तपासणीचं प्रमाण. त्याच्या कोष्टकात ३,२०१ ते १०,००० नगांच्या लॉटला तपासणीच्या सामान्य पातळी दोनवर एल हे सांकेतिक अक्षर येतं, म्हणजे नमुना २०० नगांचा. मोठ्या दोषांना एक्यूएल (स्वीकारार्ह दर्जाची पातळी) २.५ म्हणजे १० पर्यंत स्वीकार, ११ ला नकार. किरकोळ दोषांना ४.० म्हणजे १४ पर्यंत स्वीकार. गंभीर दोष शून्य. सापडले मोठे ९, किरकोळ १२. कोष्टकाप्रमाणे माल पास, आणि आम्ही तसा शिक्का दिला. माल पोचल्यावर तक्रारी आल्या.

चुका तीन होत्या आणि तिन्ही कोष्टकाच्या बाहेरच्या.

पहिली: तपासणीच्या दिवशी ८० टक्केच माल खोक्यांत भरलेला होता, म्हणजे ३२० खोकी. एवढं पॅकिंग झालं की अंतिम तपासणी करता येते, हा धंद्यातला सर्वमान्य रिवाज. उरलेली ८० खोकी आम्ही गेल्यावर भरली गेली आणि त्यांत दुरुस्तीला बाजूला काढलेले नगच जास्त होते. तक्रारीची खोकी जवळजवळ सगळी ३२० च्या पुढच्या क्रमांकाची.

दुसरी: खोकी उतरवून देणारा माणूस कारखान्याचा. ३२० चं वर्गमूळ धरून १८ खोकी उघडली, हिशोब बरोबर. पण ती सगळी थप्पीच्या पुढच्या रांगेतली. ज्याचा माल तपासायचा त्यानेच नमुना निवडला तर कोष्टकातल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही, कारण ते गणित नमुना यादृच्छिक आहे असं धरूनच मांडलेलं असतं.

तिसरी चूक सगळ्यात लाजिरवाणी. नऊ मोठ्या दोषांपैकी सहा एकाच जागी होते, डाव्या बगलेत उघडी शिलाई. सहा दोष एका जागी म्हणजे एक मशीन किंवा एक कारागीर. तिथे थांबून त्या बंडलांचे (एकत्र बांधून शिवायला दिलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यांचे) क्रमांक मागायला हवे होते. आम्ही नुसते मोजले, आणि ११ च्या आत आहेत म्हणून पुढे गेलो.

याच्या जोडीला पहिल्या धुण्यात बाजूची शिलाई फिरून पोटावर आली. सिंगल जर्सीत (टी-शर्टाच्या साध्या विणीच्या कापडात) जास्त पिळाचं एकेरी सूत असलं किंवा विणलेलं कापड पुरेसं सैल न सोडता कापलं, तर धुतल्यावर सुताचा पीळ मोकळा होतो आणि अंग फिरतं. घडी घातलेल्या कोऱ्या नगावर हे कुणालाही दिसत नाही. धुवावंच लागतं. मोजायची रीत सोपी: खालच्या कडेला शिलाई किती सरकली ते शिलाईच्या लांबीने भागायचं. ६० सेंटीमीटरला ३ सरकली तर ५ टक्के. त्यापुढे गिऱ्हाईक परत करतं.

करारातली भरपाईची अट आमच्यावर आली. निम्मे आयातदार सोडून गेले, आणि ते गेले कुठे, तर आमच्या एका स्पर्धकाकडे. त्याचं नाव घेत नाही. त्याची जाहिरात होती : दोन तासांत २०० नग, अहवाल त्याच संध्याकाळी. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, म्हणजे एका नगाला ३६ सेकंद. तेवढ्यात कपडा पिशवीतून काढून, उलटा करून, चेन वरखाली करून, दोन्ही बाह्या जुळवून परत घडी घालून दाखवा. आम्हाला दोन मिनिटांच्या आत जमत नाही, म्हणजे २०० नगांना एका माणसाचे जवळपास सात तास, मोजमापं वेगळी. तरी लोकांना तो अहवाल आवडला, कारण त्यात 'पास' असायचं.

ज्यांचा हा माल होता ते आयातदार मात्र राहिले. लहान मुलांचे कपडे आणणारे. त्यांनी भरपाई घेतली, एक पैसाही सोडला नाही, आणि पुढचा माल पुन्हा आमच्याकडेच दिला. अट एकच घातली: न पाहिलेल्या खोक्यांचे क्रमांक अहवालाच्या पहिल्या पानावर हवेत. ती अट आज आमच्या प्रत्येक अहवालात आहे. उघडायच्या खोक्यांचे क्रमांक आम्ही घरूनच काढून नेतो, त्यात शेवटचं खोकं आणि तळची रांग असतेच. उघडलेल्या खोक्यांवर सहीची चिकटपट्टी मारतो. दर रंगाचे दोन नग धुतो.

एक्यूएल २.५ चा अर्थ 'अडीच टक्के खराब चालतं' असा सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. २०० च्या नमुन्यात १० पर्यंत स्वीकार असेल तर ५ टक्के खराब असलेला लॉटसुद्धा शंभरपैकी सुमारे ५८ वेळा पास होतो. साडेसात टक्के खराब असलेला सुमारे ११ वेळा. आयातदाराने हे करार करण्याआधी समजून घ्यावं, नंतर आमच्यावर ओरडून उपयोग नसतो.

विचारलं नाही तरी रंगाबद्दल सांगतोच. शेड ट्यूबलाइटखाली पाहून पास करू नका. लाइट बॉक्समध्ये (रंग पाहायच्या दिव्यांच्या पेटीत) डी६५ या दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली अंगाशी जुळलेली रिब, म्हणजे गळ्याची-बाहीची ताणणारी पट्टी, टीएल८४ या दुकानी उजेडाच्या दिव्याखाली वेगळी पडू शकते, कारण अंग आणि रिब वेगळ्या रंगमिश्रणात रंगवलेले असू शकतात. दोन्ही दिव्यांखाली पाहा, आणि पाहणाऱ्याने भडक शर्ट घालू नये, त्याचा रंग कापडावर पडतो. गडद निळा आणि काळा असेल तर क्रॉकमीटर (घासून रंग निघतो का ते पाहायचं यंत्र) लावाच: ९ न्यूटनचा दाब, १० फेऱ्या, एकदा कोरडं पांढरं सुती कापड, एकदा ओलं. कोरड्याला ग्रे स्केलवर ४ आणि ओल्याला ३ च्या खाली गेलं तर रंगाईनंतरची साबण-धुलाई अपुरी झाली असा पहिला संशय घ्या.

लहान मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला नाडी दिसली की मोजत बसू नका, थेट गंभीर दोष लिहा. तुटलेल्या सुईची नोंदवही मागा. सुईचे सगळे तुकडे पानावर चिकटवलेले नसतील तर सगळा माल सुई शोधणाऱ्या यंत्रातून काढायला लावा, आणि सुरुवातीला १.२ मिलिमीटरचा लोखंडी गोळा पट्ट्याच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूने टाकून यंत्र खरंच थांबतं का ते पाहा. पट्ट्याच्या कडेला ते आंधळं असलेलं आम्ही पाहिलं आहे.

त्या आयातदारांचा सध्याचा माल ६१२ खोक्यांचा आहे. २५ उघडायची. ६१२ वं सगळ्यात आधी.