कार्ड चांगलं, बोर्डही चांगला, तरी पडदा काळा

चवथीला तीन आठवडे उरले होते आणि माझा जुना मदरबोर्ड बंद पडला. गोव्यात डिचोलीला आमचं घर बागायतीला लागून आहे. जुलैभर भिंतींना ओल असते, कपाटातल्या कागदांनाही वास येतो. अशा हवेत तो दहा वर्षं चालला, तेव्हा त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी घरातून डीटीपी करते, आणि गावच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेची पानं लावायचं काम माझ्याकडे होतं. थांबून चालणार नव्हतं.

हाताशी होते तेवढे पैसे घालून नवा बोर्ड, रॅम, एसएसडी आणि रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घेतला. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, नसतो. नावापुढे जी असलेल्या ५६००जी मध्ये असतो, साध्या ५६०० मध्ये नाही. हे मला माहीत होतं, कारण ग्राफिक्स कार्ड माझ्याकडे होतंच: २०११ सालचं जीफोर्स जीटीएक्स ५५० टीआय, एक जीबीचं. पहिल्या मोठ्या कामाच्या पैशांतून घेतलेलं. इतकी वर्षं त्याने एकदाही दगा दिला नव्हता, आणि चालतं कार्ड टाकून नवं घेणं मला पटत नव्हतं.

रात्री सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरले, कार्डाचा पंखाही फिरला. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोज सुरू होणं). पहिले दोन लागून विझले आणि व्हीजीएचा पांढरा दिवा तसाच राहिला. स्पीकर लावला होता, त्यातून एक लांब बीप आली आणि मागोमाग तीन आखूड.

दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं. तिथल्या मुलाने कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, “कार्ड गेलां, नवें घे.” त्याने ते लावून काही बघितलं नाही. मला वाईट वाटलं, कारण दिव्याचा अर्थ लोक नेहमी असाच घेतात. व्हीजीएचा दिवा एवढंच सांगतो की बोर्डाला चित्र उमटवता आलं नाही. ते का आलं नाही, हे त्या दिव्याला कळत नाही.

घरी येऊन नेहमीचे उपाय केले. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवला, मऊ ब्रशने धूळ झाडली, कार्ड पुन्हा खटका वाजेपर्यंत बसवलं. सहा पिनांची वायर तपासली. हे कार्ड ११६ वॅटपर्यंत वीज खातं आणि स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळते, म्हणून ती वायर लागतेच. रॅमची एकच पट्टी ठेवून पाहिलं. बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर२०३२, दहा मिनिटं काढून ठेवली. काही फरक नाही. बॅटरी काढण्याचा उपयोग का होणार नव्हता, ते मला नंतर कळलं.

मग मी अदलाबदल केली, आणि सगळा उलगडा त्यातूनच झाला.

शेजारच्या काकांकडे २०१२ च्या सुमाराचा डेस्कटॉप आहे. त्याच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, सहा पिनांची वायर नव्हती. म्हणून माझा एसएमपीएस कॅबिनेटमधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या बोर्डाला त्यावरूनच वीज दिली आणि माझं कार्ड लावलं. बटण दाबताच चित्र आलं. काका म्हणाले, “अगं, हे तर चांगलं चाललंय!” कार्ड मेलं नव्हतं.

तिथेच जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा छोटा प्रोग्राम उघडला. त्यात कार्डाच्या बायोसच्या, म्हणजे त्याच्या चिपमधल्या प्रोग्रामच्या, ओळीशेजारी यूईएफआय असं लिहिलेली एक बारीक चौकट असते. माझ्या कार्डापुढची चौकट रिकामी होती.

रविवारी म्हापशाला मावसभावाकडे गेले. दादाच्या मशीनमध्ये जीटी १०३० आहे, २०१७ मध्ये आलेलं. त्याच्याकडे जीपीयू-झेड लावला तर त्याच चौकटीत टिक. तो म्हणाला, “आज ने, पण सोमवारी मला हवं.” कार्ड टॉवेलात गुंडाळून कदंबच्या बसने परत आले. माझ्या नव्या बोर्डात ते लावल्यावर पहिल्याच फटक्यात बोर्डाचा लोगो दिसला. म्हणजे बोर्डही ठीक, कार्डही ठीक, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

त्याचं कारण असं. बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद विंडोज जागं झालेलं नसतं, ड्रायव्हरही नसतो. तेव्हा पडद्यावर काही दाखवायचं तर बोर्ड कार्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम चालवतो. जुन्या कार्डांतला प्रोग्राम जुन्या बायोसच्या पद्धतीने लिहिलेला आहे. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीने चालतात, त्यांना कार्डात जीओपी नावाचा वेगळा प्रोग्राम हवा असतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्या सुमारास कार्डांमध्ये तो येऊ लागला. माझं कार्ड त्याच्या आधीचं.

या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणारी एक सोय बोर्डात असते, सीएसएम. ती चालू असेल तर नवा बोर्ड जुन्या कार्डाचा प्रोग्रामही चालवतो. पण बऱ्याच नव्या बोर्डांत ती मुळातच बंद ठेवलेली असते, कारण सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) आणि सीएसएम एकत्र चालत नाहीत. आणि बॅटरी काढली की बोर्ड त्याच मूळ सेटिंगवर जातो, म्हणजे सीएसएम पुन्हा बंद. मी दहा मिनिटं बॅटरी काढून तेच करत होते.

अडचण लक्षात आली ना? सीएसएम चालू करायला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पानावर, जायला हवं, आणि बायोस दिसायला चालणारं कार्ड हवं. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे ते मॉनिटर बोर्डाच्या सॉकेटला लावून आत जाऊ शकतात. माझ्यासारख्यांना कार्ड उसनं आणण्याशिवाय वाट नाही. आणि तुमचा बोर्ड अगदी नवा असेल तर त्यात सीएसएम आहे की नाही, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहा. नसेल तर ही सगळी धडपड व्यर्थ जाईल.

दादाचं कार्ड होतं तोवर त्याच्यावरच विंडोज टाकून घेतलं. मग डिलीट दाबत बायोसमध्ये गेले. आधी सिक्युअर बूट बंद केलं, मग सीएसएम चालू. त्याच्या आतल्या यादीत व्हिडिओसाठी लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, निवडलं, पण स्टोरेजसाठी यूईएफआयच ठेवलं. ही ओळ चुकवू नका. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेलं असतं, स्टोरेज लेगसीवर गेलं तर चित्र येईल पण विंडोज सुरू होणार नाही. आणि ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप आहे त्यांनी सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. नंतर विंडोज ती मागू शकतं.

एफ१० दाबून सेव्ह केलं, मशीन बंद केलं, प्लग काढला, बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली. दादाचं कार्ड काढून माझं बसवलं, सहा पिनांची वायर लावली. पाऊस जोरात होता, वीज जाईल की काय ही भीती होती. बटण दाबलं. व्हीजीएचा पांढरा दिवा लागला आणि या वेळी विझला. एक आखूड बीप. लोगो पूर्वीपेक्षा मोठा आणि जाडसर दिसत होता, कडा दातेरी, पण दिसत होता. मी आईला हाक मारून तो दाखवला.

या पिढीच्या कार्डांसाठीचा शेवटचा ड्रायव्हर मार्च २०१८ मधला आहे, ३९१.३५. तो टाकल्यावर अक्षरं नेहमीसारखी स्वच्छ झाली. पान लावायच्या कामाला या कार्डाची ताकद पुरून उरते. ज्यांना नवे गेम खेळायचे आहेत त्यांनी मात्र एवढी मेहनत घेऊ नये.

सोमवारी सकाळच्या बसने दादाचं कार्ड पोचवलं. स्मरणिका चवथीच्या आठ दिवस आधी छापायला गेली.

कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे, मार्करने लिहून: ‘बॅटरी काढली किंवा बायोस अपडेट केला तर सीएसएम बंद होतं. आधी दादाचं कार्ड आणणे.’