उतारावर गोळी वरून का जाते: डोंगरातले पाच दिवस

शिकारीच्या फेरीत दुसऱ्या दिवशी सकाळी माझा बार फुकट गेला. तो का गेला हे समजून घेण्यात पुढचा सगळा दिवस गेला, आणि तो दिवस मला या फेरीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

आम्ही दोघे सोंडेच्या टोकावर पालथे पडलो होतो. खाली, घळीच्या पलीकडच्या काठावर रानबकरा उभा, अगदी आडवा. अंतरमापकावर ३०० मीटर. वारा पडलेला. गोळी किती खाली येते त्याच्या तक्त्याप्रमाणे रायफलवरच्या दुर्बिणीला १६ क्लिक (नेम वर-खाली करणाऱ्या चकतीच्या खाचा) दिले, अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला. बकऱ्याच्या पाठीच्या वर, मागच्या मुरुमात धुरळा उडाला. डोळा दुर्बिणीवरून न काढताच जोडीदार म्हणाला, "वरनं गेली." तरी आम्ही घळ उतरून तिथवर गेलो आणि तासभर शोधलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. गोळी चुकली असं वाटलं तरी जागेवर जाऊन बघायचं, यात आळस नको.

चूक साधी होती. मी ३०० मीटर हे डोळ्याच्या रेषेतलं, तिरकं अंतर धरलं. पण गुरुत्वाकर्षण ओढतं सरळ खाली, ओळंब्याच्या दिशेने. सपाटीवर ती सगळी ओढ गोळीच्या वाटेला काटकोनात लागते. वाट तिरकी झाली की त्या ओढीचा काही भागच काटकोनात उरतो, म्हणून गोळी नेमाच्या रेषेपासून कमी खाली येते. वर मारा की खाली, फरक एकाच बाजूचा: गोळी वरच लागते. चढावर नेम वर धरायचा आणि उतारावर खाली, असं अनेक जण सांगतात. त्यातला चढाचा भाग साफ चुकीचा आहे.

हिशोब करायचा तो जमिनीवरच्या आडव्या अंतराचा. तिरकं अंतर गुणिले कोनाची कोज्या. १५ अंशाला ०.९७, २० ला ०.९४, ३० ला ०.८७, ३५ ला ०.८२, ४५ ला ०.७१. एवढे पाच आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्यावर लावा. माझ्या वेळी कोन ३५ अंशांचा होता, म्हणजे ३०० चे झाले २४६ मीटर. माझं काडतूस पॉइंट ३०८ मापाचं, १६८ ग्रेन वजनाची गोळी, १०० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम धरला तिथेच लागेल अशी दुर्बीण लावलेली. २४६ मीटरला त्याला ११ क्लिक पुरतात. मी पाच जास्त दिले. एक क्लिक १०० मीटरवर १ सेंमीचा, म्हणजे ३०० वर पाच क्लिकचे १५ सेंमी. छातीतली मर्माची जागा जेमतेम वीतभर. मध्यावर नेम धरला तर वर अर्धीच वीत उरते. सगळं त्यात आलं.

तुमचं काडतूस वेगळं असेल तर क्लिक तुमच्या तक्त्यातून घ्या. २०० मीटरच्या आत आणि २० अंशांच्या खाली हा फरक दोन-तीन सेंमीच्या वर जात नाही. तिथे डोकं शिणवू नका, सरळ नेम धरा.

तिसरा दिवस आम्ही फक्त कोन मोजण्यात घालवला. कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला खडा, आणि समोरच्या उतारांचे अंदाज आधी तोंडाने सांगून मग मोजून पाहिले. डोळा फार फसवतो. मी ४५ म्हणालो ती धार २९ अंश निघाली, एकदा नव्हे, चार वेळा तसंच झालं. जाण्याआधी हा सराव नक्की करा.

वाऱ्याचा हिशोब मात्र पूर्ण तिरक्या अंतराने करायचा, कारण गोळी तेवढी हवा खरोखर कापत जाते. उन्हं तापली की वारा उतारावरून वर चढतो, संध्याकाळी खाली उतरतो. उंचावर हवा विरळ, तिथेही गोळी कमी खाली येते. म्हणून झिरो पायथ्याला केला असेल तर वर पोचल्यावर एकदा तपासा.

बसण्याकडेही बघा. खाली मारताना दस्त्यावरचा गाल नकळत उचलला जातो. पिशवी नळीखाली न घेता पुढच्या लाकडाखाली घ्या, आणि दस्त्याच्या मागे जाकिटाची गुंडाळी द्या. नळी दगडाला टेकवायची नाही. बाजूच्या उतारावर रायफल जमिनीबरोबर कलते आणि ते कळतही नाही. मी दुर्बिणीवर बुडबुड्याची छोटी पातळी लावली आहे, ती फार उपयोगी पडली.

चौथ्या दिवशी संधी आली ती वरच्या अंगाला. जोडीदाराने अंतरमापक लावला, "२४३." मी लगेच ०.८७ ने गुणायला लागलो, २११ आले. तो म्हणाला, "थांब, हा कोन धरूनच सांगतोय." खरंच, त्याचं यंत्र आडवं अंतर दाखवत होतं, तिरकं २८० होतं. दोनदा गुणलं असतं तर आठेक सेंमी खाली लागली असती. आपलं यंत्र कोणता आकडा दाखवतं हे घरीच पक्कं करून निघा.

११ क्लिक दिले. पण बकरा धारेवर होता, मागे नुसतं आभाळ. धारेवरच्या जनावरावर बार काढायचा नाही, चुकलेली गोळी पलीकडे कुठे उतरेल ते कुणाला माहीत. वीस मिनिटं थांबलो. तो दहा पावलं खाली आला, मागे भरभक्कम उतार आला, आणि घसरून कड्यावरून पडेल अशी जागाही नव्हती. चढावर गोळी खालून वर जाते, म्हणून शिरायची जागा नेहमीपेक्षा थोडी खाली धरावी लागते. उतारावर याच्या उलट. छातीतून आरपार जाणारी रेषा डोळ्यापुढे आणायची, कातडीवरचा ठिपका नव्हे.

बकरा चार पावलं चालला आणि बसला. जवळ जाऊन पाहिलं, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात करंगळी जाईल एवढं भोक. पलीकडच्या अंगाला गोळी बाहेर पडली होती ती चांगली पाच बोटं वर.