दुपारी दोनचा पेपर

पावणेसहाला फोन वाजला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. नागपूरच्या महाल भागातल्या एका पालकांचा नंबर. परीक्षेच्या दिवशी इतक्या सकाळी पालकांचा फोन आला की पोटात गोळाच येतो.

"मॅडम, आबाजी गेले. रात्री दीडला. आता पोराच्या पेपराचं कसं करायचं जी?"

मार्च महिना होता आणि त्या दिवशी गणित होतं, केंब्रिज आयजीसीएसईचा, म्हणजे केंब्रिजच्या दहावीचा, पेपर ४. प्रश्नपत्रिकेवर ०५८०/४२ असा आकडा असतो. २०२५ पासून एक्स्टेंडेडच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, मुलांना गणिताचे दोन पेपर असतात. पेपर २ कॅल्क्युलेटरशिवाय आणि पेपर ४ कॅल्क्युलेटर घेऊन. दोन्ही दोन तासांचे, दोन्ही शंभर गुणांचे, म्हणजे निम्मं-निम्मं. पहिला झाला होता. उरलेलं निम्मं गणित त्या दुपारी दोनला होतं.

मी वर्धा रोडच्या बाजूला, मिहान या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे असलेल्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत परीक्षा अधिकारी आहे. वसतिगृह नाही, मुलं सकाळी बसने येतात आणि संध्याकाळी घरी जातात. विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला आलेल्या परदेशी कुटुंबांची मुलं आहेत, आणि इतवारी-महालातल्या तीन पिढ्यांच्या घरांतलीही. त्याआधी अकरा वर्षं मी अनुदानित मराठी शाळेत होते. दहावीच्या बोर्डाला कस्टडीतून पेपर आणणाऱ्या रनरच्या गाडीत बसलेली आहे. तिथे पेपर त्याच सकाळी कस्टडीतून निघतात. इथे ते कितीतरी दिवस आधी कुरिअरने शाळेत येतात आणि आमच्याच कुलपात पडून राहतात. त्यामुळे इथला सगळा भार विश्वासावर आहे. पाकीट कपाटातून काढताना दोघांनी तपासायचं, आणि फोडायचं ते हॉलमध्ये, मुलांच्या समोर.

त्यात एक 'की टाइम' नावाचा प्रकार असतो. एकाच पेपरासाठी वेगवेगळ्या शाळा थोड्या मागेपुढे बसू शकतात, पण ठरलेल्या एका घटकेला प्रत्येक मूल एकतर हॉलमध्ये हवं, नाहीतर शाळेच्या नजरेखाली. फोन नाही, इंटरनेट नाही, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. फेब्रुवारी-मार्चची ही परीक्षा फक्त भारतातच होते, पण भारत काय लहान आहे? इथे लिहून मोकळं झालेलं मूल बंगळुरूच्या मैत्रिणीला फोन करू शकतं. नियम त्यासाठी आहे आणि मला तो मनापासून पटतो. त्या घटकेला बाहेर असलेल्या मुलाची उत्तरपत्रिका स्वीकारायची की नाही, हे मग माझ्या हातात राहत नाही.

वडिलांना मी विचारलं, "अग्नी किती वाजता?"

"तीनला. आत्या हैदराबादहून निघाली आहे. ती आल्याशिवाय कसं हलवायचं?"

दोनला पेपर, तीनला घाट.

हेडसरांना फोन केला. ते इंग्लंडचे. दोन वर्षांपासून नागपुरात आहेत. मी म्हटलं, मला त्या घरी जावं लागेल, फोनवर हे बोलणं बरं नाही. ते म्हणाले, तुम्ही जा, हॉल मी मांडतो. नंतर शिपाईदादांनी सांगितलं की सर बाह्या दुमडून, टेप हातात घेऊन, एकेका खुर्चीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सव्वा मीटर मोजत होते. बावीस खुर्च्या.

आबाजींना मी ओळखत होते. बडकस चौकात बस थांबते तिथे ते रोज संध्याकाळी उभे असायचे, पोरगं आता सोळाचं झालं तरी. एकदा पालकसभेला आले आणि सगळे गेल्यावर माझ्या टेबलापाशी थांबले. "बाई, हे आयजीसीएसई म्हणजे आपली मॅट्रिकच का जी?" मी म्हटलं, तशीच. पाच विषयांत ए स्टार ते सी यांतली ग्रेड आली की भारतीय विद्यापीठ संघ दहावीशी समकक्ष धरतो. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून ते लिहून घेतलं. मग विचारलं, "अन् पेपर तपासतो कोण?" मी सांगितलं, परीक्षक दूर असतात, त्यांना मुलगा कुठला, कुणाचा, काही ठाऊक नसतं. ते त्यांना फार आवडलं. "हे बेस आहे," म्हणाले.

साडेसातला वाड्यात पोचले. माजघरात आबाजींना खाली घेतलेलं, उशाशी दिवा. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा त्यांच्याजवळ, गुडघ्यात डोकं घालून. मी बाहेरच्या खोलीत वडील, काका आणि आई यांना तीन गोष्टी सांगितल्या, जशाच्या तशा.

एक, पेपर दिला नाही तरी आभाळ कोसळत नाही. योग्य कारण असेल तर स्पेशल कन्सिडरेशनचा अर्ज करता येतो, आणि झालेल्या पेपरावरून ग्रेड काढायची की नाही हे केंब्रिज ठरवतं. दोन, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा बसता येतं, फक्त अकरावीचा प्रवेश तोवर अडचणीत. तीन, त्याला पेपर द्यायचा असेल तर साडेबारापर्यंत त्याला माझ्या स्वाधीन करावं लागेल, आणि मग चारपर्यंत तो तुमचा नाही, शाळेचा. फोन त्याच्याजवळ राहणार नाही आणि मधूनच त्याला घाटावर पाठवता येणार नाही.

यातलं कोणतं निवडा असं मी म्हटलं नाही. तो माझा अधिकार नाही.

काका पहिले बोलले. "पेपर काय, दरसाल येतात. बाप एकदाच जातो, मॅडम. नातू घाटावर नसेल तर लोकं काय म्हणतील ते सोडा, त्याच्याच मनाला काय वाटेल दहा वर्षांनी?" मला उत्तर नव्हतं. आजही नाही. वडील रडत होते. आई म्हणाली, त्याला विचारा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही सांगा तसं." सोळा वर्षांच्या पोरावर ते टाकणंच चूक होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

मग आतून आजींनी हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे हात केला. मार्चच्या पानावर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, निळ्या पेनाने बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: गणित, दु. २, कॅल्क्युलेटर घेणे.

"त्यायनंच लिहून ठेवलंय," आजी म्हणाल्या. "आता मी काय वेगळं सांगू? आंघोळ कर, त्यायच्या पाया पड, खांदा दे अन् जा."

"खांदा कसा? आत्या यायची आहे," काका म्हणाले.

"माजघरातून चौकात तर आणायचंच आहे ना. तेवढा दे."

काका उठून बाहेर गेले. निघेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचा राग नाही.

बाराच्या सुमारास आबाजींना वाड्याच्या चौकात आणलं, येणाऱ्यांना दर्शन घेता यावं म्हणून. पुढे काका आणि वडील, मागे डाव्या बाजूला हा. माजघराच्या उंबऱ्यापासून चौकातल्या सतरंजीपर्यंत फार तर दहा-बारा पावलं. त्याने ती इतकी हळू टाकली की पुढच्यांना थांबावं लागलं. मग त्याने गुलाल घेतला, आबाजींच्या कपाळाला लावला, पायांना लावला, आणि पायांवर डोकं ठेवून राहिला. आजींनीच त्याला उठवलं. मोरीत हातपाय धुतले, गणवेश घातला. सुतकाच्या घरातून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघालेलं पोर पाहून दारातल्या बायका कुजबुजल्या. आई त्याच्यामागे फाटकापर्यंत आली आणि परत वळली.

शाळेच्या गाडीत बसल्यावर मी हात पुढे केला आणि त्याने फोन माझ्या तळहातावर ठेवला. छत्रपती चौकाचा डबल डेकर पूल लागेपर्यंत दोघंही गप्प. पुलावर त्याने विचारलं, "मॅडम, मी बरोबर करतोय ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही रे. आजींनी सांगितलंय, एवढं धर." याहून चांगलं काही बोलायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. पण खोटं बोलवेना.

शाळेत पोचल्यावर कळलं, कॅल्क्युलेटर वाड्यातच राहिला. दिनदर्शिकेवर लिहिलेला तोच! त्याचा चेहरा असा झाला की आता हा इथेच मोडतो की काय. हॉलबाहेर रांगेत त्याच्या मागे एक फ्रेंच मुलगी होती, तिचे वडील मिहानमध्ये इंजिनिअर. तिने काही न विचारता पिशवीतून दुसरा कॅल्क्युलेटर काढला. ती नेहमी दोन बाळगते. पेपर सुरू झाल्यावर एकमेकांचं काही घेता येत नाही, आधी चालतं. मी झाकण काढून बाजूला ठेवलं, आत काही चिकटवलेलं नाही ना ते पाहिलं, मेमरी पुसली आणि त्याच्या हातात दिला. पर्यवेक्षणाला आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात, मराठी शाळेतल्याच. त्यांना मी कानात सांगितलं होतं. सोवळं-ओवळं कडक पाळणारी बाई, पण त्याला जागेवर नेताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो खुर्चीत बसेपर्यंत काढला नाही.

दोनला पाकीट फोडलं आणि पेपर वाटले.

माझा फोन आणि त्याचा फोन, दोन्ही माझ्या खोलीत. हॉलमध्ये माझाही फोन चालत नाही. मी आतबाहेर करत होते, हजेरीपत्रक, बैठकव्यवस्थेचा आराखडा, नेहमीची कामं. तो लिहीत होता. मान खाली, भराभर, पान उलटायचा आवाजसुद्धा नाही.

तीन वाजायला एक मिनिट असताना त्याने पेन ठेवलं. समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं. काटा तीनवर आला तसे त्याने टेबलाखाली हात जोडले आणि डोळे मिटले. पर्यवेक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, राहू द्या. बावीस मुलांच्या हॉलमध्ये पंख्यांचा आणि कागदांचा आवाज येत होता. मी घड्याळ पाहत होते, कारण मला ते पाहावंच लागतं. चार मिनिटं. मग त्याने डोळे पुसले, पेन उचललं आणि पुढच्या प्रश्नाला लागला.

ती चार मिनिटं मला त्याला परत देता आली नाहीत. जादा वेळ आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ऐनवेळी मनाने देता येत नाही. मी त्या दिवशीच्या अहवालात वेळ लिहिली आणि कारण लिहिलं. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. चारला बाईंनी "पेन खाली" म्हटलं तेव्हा तो शेवटच्या प्रश्नाच्या मध्यावर होता, हे मला दिसलं.

हॉलबाहेर मी त्याचा फोन दिला. माझ्या फोनवर वडिलांचा निरोप येऊन पडलेला होता. त्याने आपला फोन उघडलाच नाही.

"झालं ना मॅडम?"

"हो. तीन वाजून पाच मिनिटांनी. आत्या पोचली होती."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मी पाच मिनिटं आधी केलं," आणि तिथेच पायरीवर बसून पहिल्यांदा मोठ्याने रडला. ती फ्रेंच मुलगी थोड्या अंतरावर उभी होती. कॅल्क्युलेटर परत घ्यायला आली असेल, पण मागितला नाही. त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली. हेडसरांनी गाडी पुढे लावली आणि स्वतः त्याला घाटापर्यंत सोडायला गेले.

मी उत्तरपत्रिका घेऊन बसले. त्या उमेदवार क्रमांकाच्या क्रमाने लावायच्या, हजेरीशी ताडायच्या, पाकीट बंद करायचं. त्याची हातात आली तेव्हा मी थांबले. पहिल्या पानावर, नावाच्या चौकटीखाली, अंगठ्याचा फिकट गुलाबी ठसा होता. मोरीत धुतलेल्या हाताच्या नखात राहिलेला गुलाल. मार्च महिना, पाहणाऱ्याला वाटेल होळीचा रंग. त्या पानावर आम्हाला काही लिहिता येत नाही आणि काही पुसताही येत नाही.

मी ती तिच्या क्रमावर ठेवली. वरची एक, खालची एक. बावीस मोजल्या, बाईंकडून पुन्हा मोजून घेतल्या, पाकीट चिकटवलं. मग संगणक उघडून स्पेशल कन्सिडरेशनचा फॉर्म भरायला घेतला. त्यात कारणाचा एक रकाना असतो. तिथे काय लिहायचं याचा विचार करत मी बराच वेळ बसून राहिले.