आमची वाटचाल : साठ सेकंदांची मुदत

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ दीड खोलीत आम्ही दोघा भागीदारांनी अडत्यांसाठी हळदीच्या सौद्यांचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, तेव्हा पहिल्याच पानावरची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती जड होती हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. चार टेबले (माहितीचे तक्ते) जोडायची, राजापुरी आणि सेलम या हळदीच्या जातींचा किमान, कमाल व सरासरी दर काढायचा आणि मागच्या तीन हंगामांशी ताडून दाखवायचा. क्वेरी कशी चालेल ते सांगणारी ‘एक्स्प्लेन’ आज्ञा चालवली की ‘युजिंग टेम्पररी, युजिंग फाइलसॉर्ट’, म्हणजे तात्पुरते टेबल आणि वेगळी क्रमवारी, ठरलेले, आणि निकालाला नऊ सेकंद.

आधी आम्ही मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसच्या स्वतःच्या क्वेरी कॅशवर, म्हणजे तयार निकाल साठवून पुन्हा देण्याच्या सोयीवर, विसंबलो. ऑफिसात ती उत्तम चाले आणि सौदे सुरू झाले की निकामी ठरे, कारण टेबलात एक ओळ जरी नवी आली तरी त्या टेबलावरचे साठवलेले सगळे निकाल ती टाकून देई. (२०१८ मध्ये ८.० आवृत्तीतून ती काढूनच टाकली, त्याचे मला वाईट वाटले नाही.) मग भागीदाराने डेटाबेसबाहेरची कॅश म्हणून मेमकॅश्ड आणले. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी २००३ मध्ये लिहिलेले हे साधन मला आजही प्रिय आहे : सगळे मेमरीत, डिस्कवर काही नाही, बंद पडले तर सगळे विसरून पुन्हा उभे राहणारे. त्यात आम्ही निकाल साठ सेकंदांच्या मुदतीने ठेवला (मुदत संपली की तो पुसला जातो) आणि निर्धास्त झालो.

ऐन हंगामातल्या एका सकाळी, सौद्यांच्या गर्दीत, ही मुदत संपली. त्या क्षणी पान उघडणाऱ्या प्रत्येकाला कॅश रिकामी मिळाली आणि प्रत्येकाने तीच नऊ सेकंदांची क्वेरी सोडली. एकमेकींना अडवत ती नऊची चाळीस सेकंदांवर गेली, तोवर मागून आणखी माणसे आली. डेटाबेसला एका वेळी किती कनेक्शन जोडता येतील याची मर्यादा आम्ही मूळचीच, १५१, ठेवली होती. ती भरल्यावर दर दिसणे तर बंद झालेच, पण वजनाच्या नोंदीही अडल्या. आमचे पहिले ग्राहक अण्णा खुर्चीत बसून दिवाणजींकडून कच्च्या वहीत सौदे लिहून घेत होते. मला पाहून ते एवढेच म्हणाले, “अहो इंजिनिअर, दर मिनिटभर शिळा असला तरी चालेल, पण पान कोरं नको.”

त्या आठवड्यात बाहेरगावची एक कंपनी यार्डात फिरली आणि ‘यांचा सर्व्हर लहान आहे’ असे सांगून आमच्या अकरापैकी सात अडत्यांना घेऊन गेली. सर्व्हर लहान नव्हता. त्यांनी चौपट मेमरीच्या यंत्रावर तशीच जड क्वेरी चालवली आणि तिला तंत्रज्ञान म्हटले. भागीदारही त्याच महिन्यात नोकरीला गेला. त्याला मी दोष देत नाही, असे इथे लिहिणे भाग आहे.

अण्णांच्या त्या वाक्यावर मी दोन रात्री बसलो. खरी मुदत मी निकालाच्याच आत लिहिली आणि मेमकॅश्डला दहा मिनिटांची सांगितली. ही आतली मुदत टळली की मेमकॅश्डच्या, नाव आधीपासून नसेल तरच नोंद करणाऱ्या, ‘अ‍ॅड’ने एक कुलूप लावायचे, ते एकालाच लागते, तोच क्वेरी चालवतो, बाकीच्यांना जुना दर मिळतो. कुलपालाही मुदत हवी, नाहीतर क्वेरी चालवणारा मध्येच मेला तर दर तिथेच गोठतो. नव्या मुलांना सांगतो, कॅश लावण्याआधी इंडेक्स (टेबलातली ओळ चटकन शोधून देणारी सूची) पाहा. जात आणि तारीख असा जोडइंडेक्स लावल्यावर आमचे नऊ सेकंद दोनवर आले, आणि हे मला तीन वर्षांनी सुचले.

पुढची वर्षे बरी गेली. गेल्या हंगामात त्या कंपनीचे पान सौद्यांच्या वेळी कोरे राहिले आणि सातांपैकी दोघे अडते परत आले. अण्णांनी मध्ये पडून सवलत मागितली. जोडणीचे शुल्क मी दोघांकडूनही पूर्ण घेतले.